आळंदीत मिळून आले

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. नोकरीतल्या इतर केसेसबद्दल मी चारचौघांत बोलतो. ही मात्र घरीही कधी सांगितली नाही.

तेव्हा मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. हद्दीत लोणावळा लोकलचं एक स्टेशन होतं. फलाट रेल्वे पोलिसांचा आणि जिना उतरून बाहेर आलं की बसथांबा आमचा. चाकणच्या कंपन्यांच्या गाड्याही शिफ्ट सुटली की तिथंच माणसं उतरवायच्या.

एका सकाळी तिशीतला एक कामगार ठाण्यात आला. वडील परवापासून घरी आले नव्हते. मूळचे परभणीकडचे, बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलेले, कानांनी जवळजवळ बहिरे. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. कुणाच्या तरी लग्नातला होता, गुळगुळीत दाढी, डोक्याला फेटा. ठाणे अंमलदाराने मिसिंग, म्हणजे बेपत्ता झाल्याची नोंद, दाखल केली. रेल्वेचे कॅमेरे तपासले. म्हातारा फलाटावर गेलाच नव्हता.

दुपारी एका बाईचा फोन आला. "साहेब, माझं नाव कुठं येऊ देऊ नका. मी त्या हरवलेल्या बाबांच्या शेजारी राहते. त्या घरात म्हाताऱ्यावरून रोज भांडण व्हायचं. एका खोलीत किती जणांनी राहायचं, म्हणायची सून. पोरानंच कुठंतरी सोडलं असणार."

मला धागा सापडल्यासारखं वाटलं. अशी प्रकरणं मी पाहिली होती. मुलाला बोलावून घेतलं.

"बापाला कुठं सोडलंस?"

"मी कशाला सोडू साहेब? मीच तर तक्रार घेऊन आलो."

"असे खूप पाहिलेत. तक्रार द्यायची आणि मोकळं व्हायचं. भांडण झालं होतं की नाही?"

"झालं होतं. खोली लहान हाय, भांडण होतं. म्हणून बाप सोडून देतंय का कुणी?"

भांडण कबूल केलं म्हणजे निम्मं काम झालं, असं मी धरून चाललो. दोन दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याला बाकावर बसवून ठेवलं. त्याचे खाडे पडत होते. दुसऱ्या दिवशी माझा हात उठला. दोनदा, आणि डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोसमोर.

त्याने गाल चोळला नाही की आवाज चढवला नाही. "मारा साहेब," तो म्हणाला, "पण बाहेर एकदा शोधा तरी. बाबा रोज थांब्यावर येऊन माझी वाट बघायचे. तिथं विचारा कुणाला."

खरं तर हे पहिल्या दिवशीचं काम. आम्ही केलंच नव्हतं.

मी स्वतः गेलो. थांब्याशेजारी पंक्चर काढणारे एक वयस्कर चाचा बसायचे. त्यांनी फोटो बराच वेळ पाहिला, मग माझ्या ड्रायव्हरकडे पाहिलं आणि पुन्हा हातातल्या ट्यूबकडे.

"साहेब रागावणार नसाल तर सांगतो."

"बोला."

"यांना तुमच्याच गाडीनं नेलं. पुलाच्या उद्घाटनाच्या दिवशी."

स्टेशनच्या नव्या पादचारी पुलाच्या उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार होते. थांब्यावर भिकारी दिसायला नकोत, असं वरून तोंडी आलं होतं. मी हुकूम दिला होता, "उचला सगळ्यांना, आळंदीला सोडा. तिथं खायला मिळतं." सहा-सात माणसं गाडीत भरली. त्यातला मळक्या धोतरातला, दाढीची खुंटं वाढलेला एक म्हातारा खांबाला धरून बसला होता. "पोरगं यायचंय माझं, हितंच उतरतंय," म्हणत होता. त्याची बोटं खांबावरून मीच सोडवली होती. ठाण्याच्या स्टेशन डायरीत नोंद नव्हती. अशा कामाची नोंद कुणी करत नाही. आणि फोटोतला चेहरा मला ओळखू आला नव्हता, कारण थांब्यावर मी त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी गाडी याच ड्रायव्हरने चालवली होती. त्याला आधीपासून माहीत होतं का, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या सकाळी आळंदीत एका धर्मशाळेच्या ओसरीवर ते सापडले. पाय सुजले होते. खाकी दिसताच त्यांनी घाईने टॉवेल गोळा केला आणि भिंतीला धरून उठू लागले. "जातो साहेब, जातो."

ठाण्यात मुलगा आधी बापाच्या पाया पडला, मग माझ्या. "तुमच्यामुळं मिळाले साहेब." मग त्याने बापाच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून विचारलं, "बाबा, तिकडं कसं काय गेला?"

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने मला ओळखलं होतं, यात शंका नाही. मग तो मुलाला म्हणाला, "वाट चुकलो बाबा."

मी जबाबात तेच लिहून घेतलं. 'वाचून दाखवला, बरोबर आहे' असं खाली नमूद केलं. बहिऱ्या माणसाला वाचून दाखवला! अंगठा घेतला. शेरा मारला, 'आळंदी येथे मिळून आले.' मिसिंग निकाली निघाली.

म्हातारा भीतीने तसं बोलला, की आपल्यावरून पोराला मार बसू नये म्हणून, ते मला कळलं नाही. एवढं कळलं की संशय घेण्यात मी तरबेज होतो, पण तो कायम टेबलापलीकडच्या माणसावरच. पुढे कुणालाही गाडीत घालताना मी नाव-गाव विचारू लागलो, डायरीत लिहू लागलो. त्याने त्या दिवसाची भरपाई झाली नाही.

दोनच वाक्यं बोलायची होती. तुझ्या वडिलांना मी नेलं, आणि तुला उगाच मारलं. मुलगा हात जोडून समोर उभा होता. ठाण्यातली सगळी माणसं बघत होती. मी म्हणालो, "ठीक आहे, आता नीट सांभाळा त्यांना," आणि पुढचा अर्ज हातात घेतला.