गुजराती अक्षरांवरची रेघ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त वेळा मनात म्हणतो — काहीही फेकतात लोक. रागावू नका. छत्तीस वर्षं एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. दुसऱ्याने 'ओके' लिहिलेला माल परत तपासायचा, हीच नोकरी. घरीही तोच स्वभाव. डॉक्टर, दुकानदार, नातेवाईक... कोणाचाही शब्द मी पारखल्याशिवाय घेतलेला नाही. भूतबित तर सोडाच, पूजा सांगणाऱ्या गुरुजींनाही मी मध्येच दोन प्रश्न विचारतो. त्यामुळे हे लिहायला बसेपर्यंत आठ महिने गेले.

मी बडोद्याचा, आमची इथली चौथी पिढी. वासण्याला फ्लॅट आहे. घरात मी, मुलगा समीर आणि सून हेतल. हेतल गुजराती, पण मराठी छान बोलते, आणि माझ्याशी भांडते तीही मराठीतच. माझी बायको नलू जवळजवळ साडेतीन वर्षांपूर्वी गेली. तिच्यानंतर दोन वर्षांनी माझ्या छातीत दुखलं, स्टेंट बसला आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज सकाळी दोन गोळ्या सुरू झाल्या. हा क्रम लक्षात ठेवा. आधी नलू गेली, गोळ्या नंतर आल्या.

स्टेंटला नऊ महिने झाले आणि खालची डावी अक्कलदाढ दुखायला लागली. साठी उलटल्यावर अक्कलदाढ, म्हणून समीरने मला भरपूर पिडलं. फतेगंजमध्ये पहिल्या मजल्यावर एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे, त्यांना दाखवलं. त्यांचं नाव कृपाबेन म्हणू. त्यांनी जबड्याचा मोठा एक्स-रे उजेडात धरून दाखवला — दाढ आडवी झोपलेली, पुढच्या दाढेला डोकं लावून. म्हणाल्या, "काका, ही ओढून निघायची नाही. हिरडी कापून, दाढेचे दोन तुकडे करून काढावी लागेल."

मग एक फॉर्म दिला. काही आजार आहे का, कुठली औषधं चालू आहेत... दोन्हीकडे मी 'नाही' लिहिलं.

का लिहिलं? माझा हिशेब असा — स्टेंटचं सांगितलं की या म्हणणार, हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणा. ते म्हणणार, पुन्हा सगळ्या तपासण्या करा. ही डॉक्टर मंडळी आतून एकमेकांना सामील असतात असं माझं पक्कं मत होतं. पण आता लिहितोच आहे तर खरं कारणही लिहितो. मला तो फॉर्म भरताना लाज वाटली. नलू असेपर्यंत मी धडधाकट माणूस होतो. ती गेली आणि मी एकदम हृदयरोगी म्हातारा झालो, हे मला कागदावर नको होतं.

पुढचा शहाणपणाही माझाच. गोळ्या चालू असताना दात काढला तर रक्त थांबत नाही, असं कुठेतरी वाचलं होतं. मग ठरवलं, दाढ काढायचा दिवस धरून चार दिवस गोळ्या बंद. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. हेतलला मी गोळी घेतली की नाही ते पाकीट बघून तपासायची सवय, म्हणून रोज सकाळी दोन्ही गोळ्या पाकिटातून काढायच्या, वर पाणी प्यायचं आणि गोळ्या नलूच्या चष्म्याच्या डबीत टाकायच्या. डबी माझ्या कपाटात. कपाटाला कुलूप आणि किल्ली माझ्या जानव्याला. आंघोळीलाही ती अंगावरच असते.

गुरुवारी सकाळी अकराची वेळ होती. निघण्यापूर्वी सवयीप्रमाणे फाईल दोनदा तपासली. एक्स-रे, फॉर्म, डॉक्टरबाईंचा कागद. तीनच वस्तू. रिक्षात फाईल माझ्या मांडीवर. हेतल शेजारी बसून सूचना देत होती, दात काढल्यावर थुंकायचं नाही, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. दवाखान्यात काउंटरवरच्या बाईंच्या हातात मीच फाईल दिली, त्या ती घेऊन आत गेल्या. हेतल बाहेर बसली, मला खुर्चीवर आडवं केलं.

कृपाबेन आल्या त्या इंजेक्शन न घेता. हातात फाईल होती. स्टूल ओढून बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, एक वात पूछुं? साचुं कहेजो."

खरं सांगायचं म्हणे. म्हटलं, विचारा.

"हृदयाच्या दोन्ही गोळ्या चार दिवसांपासून बंद केल्या आहेत तुम्ही?"

चोरी पकडली गेली होती. पण स्वभाव जात नाही. मी उलट विचारलं, "कोणी सांगितलं?"

"कोणीही सांगितलं असेल. खरं आहे का ते सांगा."

मी म्हटलं, तुम्ही दाढेचं बघा. त्यावर त्या जे बोलल्या ते मी अजून विसरलेलो नाही. "काका, रक्त जास्त आलं तर माझ्याकडे टाके आहेत, दाबून धरायला कापूस आहे, औषध आहे. पण स्टेंटमध्ये गुठळी अडकली, तर या खोलीत माझ्याकडे काहीही नाही."

तिथूनच त्यांनी माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. दाढ राहिली बाजूला, हेतल मला घेऊन थेट तिकडे. ईसीजीची पट्टी काढली, रक्त तपासलं, गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या आणि एक दिवस ठेवून घेतलं. ते डॉक्टर म्हणाले, "एक बंद केली असती तरी रागावलो असतो. तुम्ही दोन्ही! अजून काही दिवस असेच गेले असते तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

आता कृपाबेनना हे ज्या चिठ्ठीतून कळलं, ती चिठ्ठी. कृपाबेनकडून मी ती मागून घेतली होती. फॉर्मला टाचणीने लावलेली होती म्हणे. तारखेच्या डट्ट्याचं — रोज एक पान फाडायच्या कॅलेंडरचं — पाठकोरं पान. त्यावर गुजरातीत चार ओळी. 'यांना स्टेंट आहे. दोन गोळ्या चालू होत्या. चार दिवस झाले, घेत नाहीत. स्वतः सांगणार नाहीत. आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारावे, ही विनंती.' खाली सही नाही.

आणि प्रत्येक शब्दावर रेघ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुजराती लिपीत अक्षरांवर आपल्यासारखी रेघ नसते. पण आमची नलू मराठी शाळेत शिकलेली. गुजराती लिहायची, आणि मग हाताला राहवायचं नाही म्हणून वरून रेघ ओढायची. समीरच्या शाळेत तिने पाठवलेल्या चिठ्ठ्या बघून त्याच्या टीचर हसायच्या. मीही चिडवायचो, की अक्षरं काय वाळत घातलीस का दोरीवर? ती म्हणायची, रेघ नसली की शब्द उघडा वाटतो.

अशा अकरा चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. मांडवीतल्या आमच्या जुन्या डॉक्टरांनी ती गेल्यावर, भेटायला आले तेव्हा, माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, आता लपवण्यात अर्थ नाही. मी कधी तापाच्या गोळ्या बुडवायचो, कधी चक्कर आलेली लपवायचो, आणि डॉक्टरांना ते नेमकं कळायचं. मी आयुष्यभर कंपाउंडरवर संशय घेतला. नलू डट्ट्याच्या पाठकोऱ्या पानावर लिहून माझ्या कागदांना टाचणी लावून द्यायची. प्रत्येक चिठ्ठीचा शेवट ठरलेला — 'मी कळवले हे त्यांना सांगू नये.' त्या चिठ्ठ्याही त्याच कपाटात, त्याच कुलपात आहेत. मुलालाही मी दाखवलेल्या नाहीत.

शुक्रवारी दुपारी घरी आलो. पहिलं काम, चिठ्ठीचं पान उलटून तारीख बघितली. गुरुवारचं पान. भिंतीवरच्या डट्ट्यावर शुक्रवार होता. पण डट्टा मी फाडतो, रोज रात्री झोपताना, आणि गुरुवारी रात्री तर मी घरीच नव्हतो. म्हणजे चिठ्ठी याच घरात, आदल्या दिवशी सकाळी लिहिली गेली. समीर तर त्या आठवड्यात कामासाठी मुंबईला होता. शिवाय त्याचं शिक्षण इंग्रजीत, त्याला गुजराती वाचतानाही घाम फुटतो. राहिली एकच व्यक्ती.

मी हेतलला हाक मारली. चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि जे बोलायला नको ते बोललो. माझं कपाट उघडतेस, माझ्या किल्ल्या काढतेस, गेलेल्या माणसाचं अक्षर गिरवून मला फसवतेस. तिचे डोळे भरले, पण आवाज चढला नाही.

"पप्पा, तुम्ही गोळ्या बंद केल्यात हे मला काल दवाखान्यात कळलं. आधी कळलं असतं ना, तर मी चिठ्ठी लिहिली नसती. मी हॉलमध्ये उभी राहून ओरडले असते. आजूबाजूच्या सगळ्या बिल्डिंगला ऐकू गेलं असतं."

हे खरं होतं. हेतल चिठ्ठ्या लिहिणाऱ्यातली नाही. तरी माझा स्वभाव... मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हटलं, याच चार ओळी लिही. तिने डोळे पुसले आणि लिहिलं. सरळ, सुटं, विनारेघेचं अक्षर. रेघ ओढायला सांगितली तर तिची रेघ अक्षरांना टेकेना, वरच तरंगत राहिली. मग पेन ठेवून म्हणाली, "अजून काही तपासायचं आहे, पप्पा?" आणि आत निघून गेली. त्या दिवशी तिने मला मऊ खिचडी करून वाढली, पण माझ्याशी बोलली नाही.

कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं. डबीत आठ गोळ्या. अकरा चिठ्ठ्या, नाडा बांधलेल्या.

पुढे मी काउंटरवरच्या बाईंनाही विचारलं. त्यांनी फाईल उघडलीच नव्हती, आणि माझ्या गोळ्यांचं त्यांना कळणार कसं? मांडवीच्या डॉक्टरांना फोन केला, ते सहा महिन्यांपासून मुलीकडे परगावी. शेवटी एकच संशयित उरला — मी स्वतः. भीतीपोटी मीच लिहिलं आणि विसरलो, असं समीरचं आजही म्हणणं आहे. सभ्य स्पष्टीकरण आहे, मलाही आवडलं असतं. म्हणून एक अख्खी दुपार बसून मी ते अक्षर काढायचा प्रयत्न केला. माझं अक्षर कोंबडीचे पाय. नलूसारखी एक ओळही जमली नाही.

दाढ निघाली, बारा दिवसांनी, गोळ्या चालू असताना. नव्या फॉर्मवर मी सगळं लिहिलं, वेगळा कागद जोडून. ज्यांना काढायची आहे त्यांना सांगतो, इंजेक्शनची टोचणी सोडली तर दुखत नाही. दाब जाणवतो, भरपूर. दाढ कापताना डोक्यात कोणी सुतारकाम करतंय असं वाटतं. नंतर कापूस दातांत घट्ट दाबून बसायचं, मला तासाभराहून जास्त बसावं लागलं. टाके घातले, रक्त थांबलं. दोन दिवस गाल टोमॅटोसारखा, थंड आणि मऊ खायचं. शेव-उसळ तीन आठवडे बंद, हे सगळ्यात अवघड गेलं. आणि कुठलीही गोळी चालू असेल तर ती सांगा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. हे मी हात जोडून सांगतो.

निघताना कृपाबेनना विचारलं, त्या दिवशी चिठ्ठी कोणी दिली हे सांगायला इतके आढेवेढे का घेतलेत? त्या म्हणाल्या, "आढेवेढे कसले? मला माहीतच नव्हतं. उलट लिहिणाऱ्याने नाव गुप्त ठेवा असंही कुठे म्हटलं नव्हतं."

हे ऐकून मी जिन्यातच थांबलो. इतके दिवस मी अक्षर तपासलं, शाई तपासली, तारीख तपासली, पण हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. घरी येऊन बारा चिठ्ठ्या ओळीने मांडल्या. अकरांच्या शेवटी तेच वाक्य, मी कळवले हे त्यांना सांगू नये. बाराव्या चिठ्ठीत ते नाही. खाली दोन ओळींची जागा कोरी आहे.

त्या दिवशी मी हेतलची माफी मागितली. बारा चिठ्ठ्या तिच्यासमोर ठेवल्या आणि कपाटाची किल्ली जानव्याची सोडून तिच्या हातात दिली. तिने चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि किल्ली मला परत दिली. म्हणाली, राहू द्या, मी ओरडणारी आहे.

कोणी लिहिली, कशी लिहिली, माझ्या तपासणीत आलेलं नाही. कोणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी पारखून बघेन. गोळ्या मी रोज सकाळी हेतलसमोर घेतो. त्या वेळी नलूचा चष्मा टेबलावर ठेवलेला असतो.