मेकॅनिकची जागा

नव्या मुंबईत सगळ्यात हळू गाडी चालवणारा शर्यतवीर आमच्याच सोसायटीत राहत होता, हे मी सेक्रेटरी या नात्याने लिहून द्यायला तयार आहे. आम्ही त्यांना काका म्हणायचो. बंदरातल्या क्रेनच्या खात्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ ताशी चाळीसच्या वर कधी गेले नाहीत. पण बोलायला लागले की विषय एकच: रद्दीत सापडलेल्या इंग्रजी मासिकातला एक फोटो. मोटारी नव्या होत्या त्या काळातली एक अमेरिकन शर्यतीची गाडी, बोटीत घालून युरोपात नेलेली. "एवढं धूड!" काका दोन्ही हात पसरून सांगायचे. "सरळ रस्त्यावर कुणाला ऐकायची नाही. पण तिकडे नुसती वळणं. वळण आलं की तिकडच्या चिमुकल्या गाड्या पुढे." फोटोत ती धुळीत वळत होती, आणि ड्रायव्हरशेजारी बसलेला मेकॅनिक वळणाच्या बाजूला अर्धा बाहेर झुकला होता, गाडी उलटू नये म्हणून. "मग जिंकली का?" असं कुणी विचारलं की काका म्हणायचे, "पुढचं पान फाटलंय."

काकांच्या जुन्या पांढऱ्या गाडीत शेजारी बसणारा माणूस म्हणजे मेकॅनिक. त्याने मागे बघायचं, मोठ्याने खबर द्यायची आणि डाव्या वळणावर बाहेर झुकायचं. आमचे मिस्टर एकदा बसले आणि डुलकी लागली, तर काकांनी त्यांना वाशीलाच उतरवलं. "तुमची नेमणूक रद्द," एवढंच म्हणाले. खऱ्या मेकॅनिक काकू. पदर खोचून बसायच्या. "मागे ट्रेलर हो, लाल. घाईत दिसतोय, जाऊ दे त्याला," असं चालू असायचं. दर रविवारी दोघं उरणला ताजी मासळी आणायला जायचे, आणि जासईच्या वळणावर काकू खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर. पहिल्यांदा तिथला चहावाला तांब्या घेऊन धावला होता. "आरं, बायला उलटी होते, पानी द्या कोनी!" काकू पाणी प्यायल्या, वर चहाही प्यायल्या. तेव्हापासून तिथे थांबा ठरला.

मग काकू गेल्या, आणि गाडी जी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये उभी राहिली ती आठ महिने हलली नाही. पोरांनी तिच्या दारावर खडूने स्टंप काढले. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "मॅडम, ती गाडी नाय, शोपीस आहे. रविवारपर्यंत हलली नाय तर कळंबोलीला भंगारात. काकांना टेन्शन येईल, पण रूल म्हणजे रूल." नोटीस माझ्याच अक्षरातली. द्यायला गेले तर काकांनी ती दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, "गाडी चालू आहे गं. मेकॅनिक नाही."

मला रडणं जमत नाही, यादी जमते. घरी येऊन लिहिली: बॅटरी, हवा, पाणी, पेट्रोल, फडकं. खाली आणखी दोन ओळी: जासईपर्यंत जायचं, अकराच्या आत परत. रविवारी सकाळी वरच्या पाचही गोष्टींवर टिक करून मी डाव्या सीटवर बसले. चेअरमन गॅलरीतून बघत होते. तिसऱ्या झटक्याला गाडी सुरू झाली.

मागची खबर मी चोख देत होते. फक्त वळणावर बाहेर झुकायची लाज वाटत होती. पहिल्या डाव्या वळणाला मी ताठ बसून राहिले. काकांनी नुसता वेग निम्मा केला. दुसऱ्यालाही तेच. जासईचं वळण आलं तेव्हा मी पर्स पायाशी ठेवली, डोळे मिटले आणि बाहेर झुकले. काकांनी वेग कमी केला नाही.

चहावाला तांब्या घेऊन धावलाच. "ताय, पानी घ्या!" मग गाडी ओळखून, आत डोकावून विचारलं, "आन् काकी? काकी कुटं हाय?"

काकांनी मान हलवली. त्याने न विचारता दोन चहा आणून दिले. काकांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "पान फाटलं नव्हतं गं. मी फाडलं. गाडी अर्ध्या रस्त्यात बंद पडली, असं छापलं होतं. ही दर रविवारी विचारायची, 'पोचली असेल का हो ती?' काय सांगणार?"

मी पर्समधून यादी काढली. शेवटच्या दोन ओळींवर काट मारली.

"काका, चहा संपवा. उरण गाठायचंय. आणि मागे टँकर आहे, पण त्याला घाई नाही."

नंतर तीन वर्षं रविवारची ती नेमणूक माझ्याकडे होती. आता काका नाहीत, गाडीही नाही. पण रिक्षा डावीकडे वळली की मी अजून थोडी बाहेर झुकते. मिस्टर पूर्वी ओरडायचे. हल्ली पिशवीतली बाटली पुढे करतात आणि विचारतात, "पाणी देऊ?"