सरांचं ‘कशावरून?’

पहिल्या दमात कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच आम्हाला इतिहास शिकवायला होता. कोण्या राजानं काय केलं ते पुस्तकात आहे, तेव्हा ते खरंच असणार, ते मुकाट पाठ करायचं आणि पेपरात ओतून मोकळं व्हायचं, असा बारावीपर्यंतचा आमचा इतिहास. तो घेऊन आम्ही वसईच्या कॉलेजात आलो आणि पहिल्याच तासाला सरांच्या तावडीत सापडलो. एका हुशार मुलीनं उभं राहून वसईचा किल्ला कुणी बांधला ते घडाघडा सांगितलं. सर म्हणाले, “छान. कशावरून?” ती म्हणाली, “पुस्तकात आहे, सर.” सर म्हणाले, “पुस्तकवाल्याला कुणी सांगितलं?” ती बिचारी बसली ती तास संपेपर्यंत उठलीच नाही, आणि पुढच्या आठवड्यात तिनं अर्थशास्त्र घेतलं.

वाचणाऱ्याला वाटेल, काय खवचट माणूस! पण अगदी शपथेवर सांगते, त्या ‘कशावरून’मध्ये खवचटपणाचा लवलेश नसायचा. विचारून झालं की सर मान पुढे काढायचे, उजवा हात कानामागे धरायचे (कान त्यांचे ठणठणीत होते, ही नुसती सवय) आणि समोरचा आता काहीतरी अपूर्व सांगणार आहे अशा आशेनं वाट बघायचे. उत्तर कितीही बावळट असो, ते पुरतं ऐकून घ्यायचे. माझं बोलणं इतकं मन लावून घरीदारी कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून मी त्यांच्या वर्गात टिकले. नाहीतर इतिहासाचं आणि माझं काही पूर्वजन्मीचं नातं नव्हतं.

हा प्रश्न कॉलेजच्या फाटकापाशी थांबत नसे. स्टेशनबाहेर बसणारी गास गावची भाजीवाली “भेंडी कवली हाय, सर” म्हणाली की हे “कशावरून?” तिनं एक भेंडी टोकाशी कट्कन मोडून दाखवली की सर खूश, “हां, हा पुरावा!” पुढेपुढे ती सर लांबून दिसले की आधीच भेंड्या मोडायला घ्यायची आणि शेजारणीला सांगायची, “या मास्तरच्या पायी माजी अर्धी भेंडी मोडूनच संपते.” तरी सरांना ती नेहमी चांगलीच भाजी द्यायची. त्यांच्या भाचीच्या लग्नाच्या बैठकीत तर कहरच झाला. मुलाचे काका कांदेपोह्यांचा चमचा उचलता उचलता म्हणाले, “मुलगा अगदी निर्व्यसनी हो!” आणि सरांच्या तोंडून व्हायचं ते झालंच. काकांचा चमचा हवेत राहिला, सरांच्या बायकोनं कपाळाला हात लावला. तेवढ्यात मुलगाच म्हणाला, “खरं सांगू का? कधीमधी सिगारेट ओढतो मी.” सरांचा चेहरा असा उजळला म्हणता! “स्वतःच्या विरुद्ध बोलणारा साक्षीदार दुर्मीळ असतो,” असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे सुपारी फोडायला लावली. संसार उत्तम चाललाय. सिगारेट भाचीनं सोडवली.

आमच्या कॉलेजात एक इतिहास मंडळ होतं आणि सर त्याचे सर्वेसर्वा. बाकीच्या कॉलेजांतली इतिहास मंडळं जयंत्या करत, वक्तृत्व स्पर्धा घेत, फेटे बांधून फोटो काढत. आमच्या मंडळात यातलं काही नाही. आम्हाला सर शनिवारी गावोगाव पिटाळायचे. एखादं जुनं माणूस गाठायचं आणि त्याला विचारायचं, तुम्ही लहान असताना पाणी कुठून आणायचात? बस, एवढाच उपक्रम! मी वैतागून विचारलं, “सर, पाणीच का? युद्ध, राजे, चळवळ असं काही विचारू ना!” सर म्हणाले, “राजाबद्दल विचारलंस तर ऐकीव सांगतील. पाण्याबद्दल विचारलंस तर स्वतःचं सांगतील.” वर दोन कडक नियम. माणूस जसं बोलेल तसंच उतरवायचं, ‘पानी’ म्हणाला तर पानीच लिहायचं, आपलं शुद्धलेखन त्याच्या तोंडात कोंबायचं नाही. आणि एकाच घरात दोन म्हातारी माणसं असली तर दोघांना एकत्र बसवून कधी विचारायचं नाही. एकजण बोलतो आणि दुसरा नुसती मान हलवतो, म्हणजे दोन माणसांची साक्ष अर्धी होते, असा त्यांचा हिशेब.

आमची बिल्डिंग नवी, माणसं सगळी कोकणातून नाहीतर देशावरून आलेली, पाणी टँकरचं. म्हातारं माणूस आणायचं कुठून? मग माझी मैत्रीण ग्रेटा मला उमेळ्याला तिच्या आजीकडे घेऊन गेली. आजी त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या, मला निम्मंच कळत होतं, उरलेलं ग्रेटा समजावत होती. आजींनी सांगितलं, लग्नाच्या आदल्या दिवशी बाजा लावून विहिरीवर जायचं आणि तिथलं पाणी वाजतगाजत आणून त्यानं नवरीला आंघोळ घालायची, अशी त्यांच्याकडची रीत. मी विचारलं, “अजून करता?” आजी म्हणाल्या, करतो की. विहीर आता खारी झाली, तरी मिरवणूक तिथेच जाते, कळशा तिथेच बुडतात, गाणी तिथेच होतात. फक्त घरी आल्यावर ते पाणी माडाच्या बुंध्याशी ओततात आणि नवरीला टँकरच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. हे बोलून आजी हसल्या आणि मग बराच वेळ पदराशी चाळा करत बसल्या. मी ते सगळं लिहून सरांना नेऊन दिलं. सरांनी वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मी त्यांच्या प्रश्नाची वाट बघत असताना ते एवढंच म्हणाले, “हे कुठल्याच पुस्तकात नाही गं. तू आणलंस.” त्या दिवशी मी घरी चालत गेले की उडत, मला सांगता येणार नाही.

किल्ल्यातली सहल म्हणजे आणखी वेगळंच प्रकरण. प्रत्येक किल्ल्याला असतं तसं आमच्याही किल्ल्याला भुयार आहे आणि ते कुठवर जातं हे सांगणाऱ्याच्या उत्साहावर अवलंबून आहे. सरांसमोर मात्र ते चार पावलंसुद्धा पुढे जात नसे. एकदा आत एका सिनेमाच्या गाण्याचं शूटिंग चाललं होतं. उंटबिंट आणलेले. सरांनी तिथल्या एका माणसाला विचारलं, “हे कुठलं ठिकाण दाखवताय?” तो म्हणाला, “राजस्थान.” सरांनी समोरच्या चर्चच्या पडक्या कमानीकडे, मागच्या ताडाच्या झाडांकडे पाहिलं आणि मान पुढे काढून, कानामागे हात नेऊन विचारलं, “कशावरून?” त्या माणसानं उंटाकडे बोट दाखवलं. सर परत येऊन आम्हाला म्हणाले, “पुरावा आहे त्याच्याकडे. कच्चा आहे, पण आहे.”

तर असं आमचं मजेत चाललेलं असताना एस.वाय.च्या शेवटी माशी शिंकली. नवे प्राचार्य आले होते. त्यांनी सांगितलं, टी.वाय.ला इतिहास घेणारी पुरेशी मुलं नसतील तर तो वर्ग बंद. आणि मुलं येणार कुठून? गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागलेल्या. आमचे बाबा मुंबईत एका ऑफिसात हेडक्लार्क, त्यांनी माझ्यासाठी असाच एक क्लास ठरवूनही टाकला होता. “इतिहास घेऊन पुढे काय? किल्ल्यावर तिकिटं फाडणार?” असं त्यांचं म्हणणं. आमच्या किल्ल्याला तिकीटच नव्हतं, म्हणजे तीही नोकरी गेली! मला इतिहासच करायचा होता. त्याशिवाय मला काही सुचत नव्हतं. पण हे बाबांना पटवण्याइतकी अक्कल मला नव्हती आणि रडून मागण्यासारखी ती वस्तू नव्हती.

सरांनी एक मेळावा ठरवला. जुने विद्यार्थी येऊन सांगतील की इतिहास शिकून पुढे काय काय करता येतं, आणि पालकांनी ते ऐकावं. फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, ‘इतिहास शिकून काय होते?’ प्राचार्यांनी सुचवलं, ते प्रश्नचिन्ह काढा, बरं दिसत नाही. सर म्हणाले, “उत्तर अजून मिळालं नाही ना.” हे काही सरळ पार पडणार नाही, हे मी तेव्हाच ओळखलं. रविवारी मी बाबांना जवळजवळ ओढत नेलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं.

पहिला उठला तो नालासोपाऱ्यात फ्लॅट विकणारा एक टापटीप गृहस्थ. “आज मी जो कोणी आहे तो इतिहासामुळेच!” टाळ्या. बाबांनीही दोन वाजवल्या. आणि टाळ्या विरतात न विरतात तोच व्यासपीठावरून, मान पुढे, हात कानामागे, “कशावरून?” अहो, आपल्याच बाजूचा साक्षीदार! पण सरांना बाजू कुठे होती? तो गृहस्थ घाम पुसत म्हणाला, “म्हणजे... सर, तसा सासऱ्यांचा धंदा आहे.” हॉल हसला. दुसरा सरकारी अधिकारी. म्हणाला, सरांच्या शिकवण्यामुळे स्पर्धा परीक्षेत निघालो. सर म्हणाले, “कशावरून? तू तर तासाला कँटीनमध्ये असायचास.” तोही प्रामाणिक निघाला, गाइडं पाठ केली म्हणाला. सर प्रसन्न होऊन “शाबास!” म्हणाले. प्राचार्य छताकडे बघायला लागले, बाबा माझ्याकडे. आपल्याच पायावर असा हौसेनं धोंडा पाडून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला सरांचा भयंकर राग आला. माझं सगळं आयुष्य त्या हॉलमध्ये पणाला लागलं होतं आणि यांना पुरावे तपासायचे होते!

मग सातिवलीच्या एका लहानशा कारखान्यात सुपरवायझर असलेली एक ताई उठली. ती म्हणाली, “मला इतिहासामुळे नोकरी लागली नाही. शेजारच्या काकांनी चिकटवलं. पण मागच्या वर्षी आमच्याकडे एका कामगाराचा हात मशीनमध्ये गेला. मालक म्हणाले, तो पिऊन आला होता. सगळे म्हणाले, हो, पिऊन आला होता. माझ्या तोंडून निघालं, कशावरून?” हॉल पुन्हा हसला, पण ती हसली नाही. “सगळे एकमेकांकडे बघायला लागले. म्हणून मी एकेकाला वेगळं घेऊन बसले. कोण कुठे उभं होतं, काय दिसलं, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं. पिऊन आलेला कुणीच पाहिला नव्हता. मशीनवरची सेफ्टीची जाळी काढून ठेवलेली मात्र सगळ्यांनी पाहिली होती. मालकांना त्याचं औषधपाणी करावं लागलं आणि कामावरही ठेवावं लागलं. मला हे कुणी कारखान्यात शिकवलं नाही, सर. म्हाताऱ्यांना पाणी विचारत फिरताना शिकले.”

आम्ही सगळे सरांकडे बघत होतो. आता तो प्रश्न येणार! हात कानाकडे अर्धा गेलाही होता. पण सरांनी तो खाली घेतला, चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसले. ओठावर आलेला प्रश्न सरांनी परत घेतलेला मी पाहिला, तो तेवढाच.

मेळावा संपल्यावर बाबा आणि मी घरी परतलो. बिल्डिंगच्या जिन्यात शेजारचे काका भेटले. त्यांनी नेहमीप्रमाणे सल्ला दिला, “पोरीला कॉम्प्युटरच घ्या बरं का! पुढचं सगळं त्यातच आहे.” बाबा एक पायरी चढले, थांबले, मागे वळले आणि म्हणाले, “कशावरून?” मी जिन्यातच रडले. सोमवारी बाबांनी माझ्या टी.वाय.च्या अर्जावर सही केली.

आमच्यासारखी आणखीही काही घरं विरघळली असावीत, कारण वर्ग चालला. सर होते तोवर रडतखडत का होईना चालतच राहिला. ते निवृत्त झाल्यावर बंद पडला. ग्रेटाच्या आजी गेल्या, ती विहीर बुजवून तिथे बिल्डिंग झाली, मिरवणूक आता कुठे जाते मला माहीत नाही. मी एका वस्तुसंग्रहालयात वस्तूंची माहिती लिहिण्याचं काम करते. एखादी समई शंभर वर्षांची आहे असं लिहायला घेतलं की माझा हात थांबतो, आणि आमच्या साहेबांना वाटतं, ही बाई फार हळू काम करते.

दोन हजारचं दशक सरतासरता सर गेले. शोकसभा त्याच हॉलमध्ये होती. बाबाही आले होते, काठी टेकत. ज्यांनी सरांना धड पाहिलंही नव्हतं असे एक पाहुणे बोलायला उभे राहिले. त्यांनी सर थोर होते म्हटलं, ज्ञानाचा सागर होते म्हटलं. आम्ही कसंबसं गिळलं. मग ते म्हणाले, “सरांनी जन्मात कुणालाही अडचणीत आणलं नाही!” आणि हॉलच्या कानाकोपऱ्यातून, मी, ग्रेटा, सातिवलीची ताई, तो फ्लॅटवाला, कुणी कुणाला खूण न करता, आम्ही सगळे एकदम बोलून गेलो, “कशावरून?”

केवढा हशा उसळला! पाहुणे बावचळले, सरांच्या बायको तोंडाला पदर लावून हसता हसता रडायला लागल्या. हशा ओसरल्यावर मी सवयीनं व्यासपीठाकडे पाहिलं. प्रश्न तर विचारला होता, पण मान पुढे काढून, कानामागे हात धरून उत्तराची वाट बघणारं तिथे आता कुणी नव्हतं.