जंताच्या गोळीचा उपास

सारजाबाईच्या हाताला गुण आहे, असं गिरणीची चाळ म्हणायची. पण तो शेळ्यांपुरता. करकंब गावच्या शेळ्या पाळणाऱ्या घरातली लेक. जंताचं औषध कसं पाजायचं ते तिला कुणी शिकवायला नको होतं. आदल्या सांजेपासून पाला बंद, आणि औषध दिल्यावर दुपारपर्यंत तोंडाला काही लावायचं नाही. पोटात दुसरं काही गेलं की जंत त्याच्या आड दडतात.

शहात्तर साली नवऱ्याला, धोंडीरामला, खोकल्यातून रक्त पडलं. दवाखान्यात क्षय निघाला. रोजच्या गोळ्या वर्षभर घ्यायच्या होत्या. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी आणखी एक वाढवली, आठवड्यातून दोन दिवस.

"ही जंतांवरची गोळी. शेळ्यामेंढ्यांनाही हेच औषध देतात. क्षयात अंगाला जोर येतो का, ते काही ठिकाणी बघताहेत. खात्री नाही, पण बघू."

"शेळीचं औषध व्हय?" धोंडीराम हसला. "आता दावणीला बांध मला, सारजे."

सारजाबाईचा मात्र जीव भांड्यात पडला. त्या अगम्य दुखण्यात एक तरी औषध ओळखीचं निघालं होतं.

सोमवार-मंगळवार तिनं नेमून टाकले. सकाळी गोळी, चहा नाही, भाकरी नाही.

"आन् रोजच्या गोळ्या?"

"आज न्हाईत. जंताच्या गोळीवर काय बी घालायचं नसतं."

"पर डॉक्टर म्हणालं, रोज..."

"डॉक्टरनं कदी शेळी पाळलीय का?"

धोंडीरामनं नुसती जंताची गोळी गिळली. त्या दोन दिवसांच्या उरलेल्या गोळ्या ती डालड्याच्या रिकाम्या डब्यात टाकायची. सरकारी औषध, वाया कशाला घालवायचं? पावसाळ्यात त्याच्या अंगावर थोडं मांस आलं. दिवाळीनंतर पुन्हा रक्त पडलं.

दवाखान्यात जाताना तिनं डबाही घेतला. "लागतील कुणाला तर," म्हणत मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवला. कशा उरल्या तेही सांगितलं.

डॉक्टर डब्यात बघत राहिले.

"सारजाबाई, ती गोळी या रोजच्या गोळ्यांच्या जोडीला होती. यांच्याऐवजी नव्हती." मग हळू आवाजात म्हणाले, "मीच नीट सांगायला हवं होतं."

"मग आता रोज देते की. एक दिस चुकवत न्हाय."

"द्या. पण मधेमधे खाडा पडला की रोगाचे जंतू गोळ्यांना सरावतात. आता त्या लागू पडतील असं वाटत नाही. दुसरं औषध इथं येत नाही. लिहितो मी वर."

"कदी येईल?"

डॉक्टरांनी डब्याचं झाकण लावलं.

सोमवार उजाडला. सारजाबाईनं दुधात भाकरी कुस्करली, सगळ्या गोळ्या धोंडीरामच्या तळहातावर ठेवल्या. हात नुसता हाडांचा उरला होता.

"आज उपास न्हाय व्हय?"

"न्हाय."

"का गं? बरा झालो का काय मी?"

बाहेर शेळी पाल्यासाठी ओरडत होती. सारजाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

"घ्या की," ती म्हणाली.