भागवत मिस्त्रीचं नख

किस्से कुणी जमवत नाही हो, ते धुळीसारखे आपोआप येऊन बसतात. आणि पुंडलिकनगरात आमच्या भागवत मिस्त्रीच्या दुकानात धुळीला काय तोटा! चारी बाजूंनी फ्लॅट उठत होते, त्यात दुष्काळ. मिस्त्री मोटारसायकलच्या टाक्या गिऱ्हाइकाच्या हौसेप्रमाणे रंगवून द्यायचा. ज्वाळा, वाघ, गरुड, म्हणाल ते. मी वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटीला. रविवार सकाळ मात्र मिस्त्रीच्या दुकानात, हा नेमच होता.

*

मिस्त्रीच्या डाव्या अंगठ्याचं नख मुद्दाम वाढवलेलं. रंगावर शेवटी चकचकीत पारदर्शक थर देतात, त्याला क्लिअर म्हणतात. तो सुकला की मिस्त्री त्यावर नख दाबायचा. खूण उठली नाही तर माल पास! सवयच अशी जडली, की पाहुण्यांच्या फ्रिजवरसुद्धा नख.

मिस्त्रीच्या मुलीसाठी आम्ही दौलताबादला मुलाचं घर बघायला गेलो. पोहे आले, मिस्त्री गायब! बघतो तर अंगणात मुलाच्या गाडीवर वाकलेला. आत येऊन माझ्या कानात म्हणाला, "टाकीला दुसऱ्यांदा रंग मारलाय, साहेब. पोरगं कुठंतरी आपटलेलं हाय!"

लग्न तिथंच झालं. जावई अजूनही सासऱ्यासमोर गाडी हळू चालवतो.

*

रंग मारण्याआधी जमीन ओली करावी लागते, म्हणजे धूळ उडत नाही. पण टँकर आठ-आठ दिवस फिरकत नव्हता. वहिनींनी, म्हणजे मिस्त्रीच्या बायकोनं, एकच बादली दिली आणि बजावलं, "अंघोळ करा नायतर जमीन भिजवा!"

मी पोचलो तेव्हा मिस्त्री दुकानात मधोमध पंचा लावून, डोक्याला साबण फासून उभा. तेवढ्यात टाकीवाला गिऱ्हाईकही आला. मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाला, "बसा, बसा. तुमच्याच कामाची तयारी चालूय!"

*

मग ते वाईट दिवस आले. एका महिन्यात तीन टाक्या परत! क्लिअर वाळायचा, चमकायचाही, पण कडकच व्हायचा नाही. एका टाकीवर कव्हरच्या कापडाची वीण उठली होती, दुसरीवर मालकाच्या गुडघ्यांचे ठसे. नख तर लोण्यात जावं तसं आत जायचं.

मिस्त्रीचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाला, "आता चौथी टाकी परत आली ना, साहेब, तर दुकानाला कुलूप. कंपनीत परत कंत्राटी लागतो." वीस वर्षांपूर्वी ती नोकरी सोडून त्यानं हे दुकान थाटलं होतं. मला खरंच भरून आलं, आणि भरून आलं की मी भाषण देतो. "ऊन फार आहे, मिस्त्री. वरची साय लगेच धरते, आतलं ओलंच राहतं. थर पातळ द्या, सावकाश उडणारा थिनर वापरा."

त्यानं सगळं केलं. नख तरीही आत.

शेजारच्या चहावाल्या रफिकचाचांचं निदान वेगळं होतं. "नजर लगी है, मिस्त्री!" त्यांनी स्वतः दाराला लिंबू-मिरची बांधली.

दोन दिवसांनी मिस्त्री टाकीवर नख दाबून दाराकडे बघत म्हणाला, "लिंबू वाळलं, साहेब. क्लिअर नाय!"

*

चौथ्या टाकीचा रविवार. मिस्त्री क्लिअर कालवायला बसला, मी चहा घेत होतो. दोन घोटांत संपला! मी चाचांवर डाफरलो, "चाचा, चाय इतनी कम?"

"क्या करना साब, दूध महंगा, पानी महंगा. दो महिने से छोटा ग्लास लाया मैं. दाम वहीच!"

मिस्त्रीचा हात हवेत थांबला. क्लिअर कडक होण्यासाठी त्यात हार्डनर मिसळतात. मिस्त्रीचं माप ठरलेलं: स्टीलचा एक पेला क्लिअर, त्याला चहाचा एक ग्लास हार्डनर. आणि ग्लास कुणाचा? चाचांचा! आतून रंग चिकटून खराब झाला की फेकायचा, चाचांकडून दुसरा आणायचा.

मिस्त्रीनं हातातला ग्लास माझ्या ग्लासशेजारी ठेवला. दोन्ही सारखेच. टिल्लू!

मी कंपनीत जन्मभर मापं तपासली. पण इथं ऊन, थर, थिनर सगळ्यांवर बोललो आणि "मोजता कशात?" एवढं विचारायचं राहिलं. मिस्त्रीनं ग्लासांवरची नजर माझ्याकडे वळवली. त्याच्या बघण्यानंच मी मेल्याहून मेलो.

चाचा धावत घरी गेले आणि चाचीच्या मसाल्याच्या फडताळातून जुना, मोठा ग्लास घेऊन आले.

*

चौथी टाकी त्या ग्लासानं झाली. ठरल्या दिवशी चाचा, वहिनी, मी, सगळे भोवती उभे. मिस्त्रीनं नख दाबलं. काही नाही. जोर लावला. कट्!

इतक्या वर्षांचं नख तुटलं! वहिनींनी पदर डोळ्यांना लावला. मिस्त्री मात्र गल्लीभर अंगठा दाखवत फिरला, "बघा, बघा! तुटलं!"

*

पुढच्या दसऱ्याला मी त्याला इलेक्ट्रॉनिक काटा भेट दिला. मिस्त्रीनं हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि त्याच दिवसापासून वापरायला घेतला.

महिन्यानं बघतो तर काट्यावर चाचांचा तोच ग्लास. मिस्त्री ग्लास काठोकाठ भरतो, काट्यावर ठेवतो, आकडा वाचतो, मान हलवतो.

म्हटलं, "अहो, काटा दिलाय ना? मग ग्लास कशाला अजून?"

मिस्त्री हळू आवाजात म्हणाला, "काटा नवा हाय, साहेब. बरोबर चालतो का बघावं लागतंय!"