शालूकाकूचा उजवा कौल

आमच्या गावात शालूकाकूच्या महालक्ष्म्यांचा मोठा दरारा. मेहकरची एसटी जिथे वळते तिथेच तिचं घर, आणि भाद्रपदात त्या तीन दिवसांत तिच्या दारावरून जाताना बायका आवाजसुद्धा खाली करतात. 'महालक्ष्म्या लई कडक असतात' हे काकूचं पालुपद. मला विचाराल तर महालक्ष्म्या बिचाऱ्या माहेरवाशिणी, येतात, जेवतात, जातात. कडक होती ती काकू. सून आंबिलीजवळ शिंकली तरी नव्यानं पातेलं चढवायची.

तिची जिवाभावाची मैत्रीण बनाबाई, भीमनगरातली. दोघी एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन गावात आल्या आणि काकूच्या वावरात शेजारी-शेजारी निंदता निंदता म्हाताऱ्या झाल्या. तंबाखू एका पुडीतली, भांडण दिवसाआड. बनाबाई विहारात जाणारी, लक्ष्म्यांपुढे तिनं कधी हात जोडले नाहीत. आंबिलीवर मात्र तिचा जीव. "तुह्या देव्या तुह्यापाशी ठेव, मले गंजभर आंबील दे," म्हणायची. काकू हसायची आणि द्यायची. पण तिसऱ्या दिवशी, सोवळं संपल्यावर, अंगणात. यात दोघींनाही कधी वावगं वाटलं नाही. मला वाटायचं.

गेल्या वर्षी बनाबाईचं पोटाचं दुखणं विकोपाला गेलं. डॉक्टरांनी 'आता घरीच न्या' म्हणून सांगितलं. काकू रोज जाऊन तिच्या खाटेवर बसायची, पाय चेपायची, शिव्या देऊन दोन घास भरवायची. आणि नेमक्या महालक्ष्म्या आल्या.

लक्ष्म्या उभ्या केल्या त्याच दुपारी बनाबाईची सून धम्मशीला दाराशी आली. मी काकूच्या मदतीला आले होते, आत फुलोऱ्याच्या करंज्या दोऱ्यात बांधत होते. ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"काकू, माय तुमचं नाव घेऊन राह्यली. दोन मिनिटं येता का?"

काकू ओल्या लुगड्यात, हात पिठानं भरलेले. "मी सोवळ्यात हाय व पोरी. उद्या निवद झाला का येतो. सांगजो तिले."

धम्मशीला "बरं" म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी आरती झाल्यावर काकू मुखवट्यांसमोर बसली. आजवर तिनं सारं भीतीपोटी केलेलं, चुकलं तर कोप होईल म्हणून. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं काही मागितलं, मोठ्यानं, आमच्या देखत. "माह्या बनाले जगव माय. दुसरं काहीच नाही मागत." जरा वेळानं ज्येष्ठेच्या मुकुटावरचं झेंडूचं फूल उजव्या अंगाला पडलं. उजवा कौल म्हणजे देवीचा होकार. काकूच्या डोळ्यांना धार लागली. तिचा चेहरा इतका निवलेला मी तिच्या लेकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मलासुद्धा वाटून गेलं, कोण जाणे, असेलही.

दुसऱ्या दिवशी सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी. सवाष्णी उशिरा आल्या, निवद लांबला, पंगती दिवेलागणीपर्यंत चालल्या. मग हळदीकुंकवाच्या बायका. काकूचे यजमान वामनकाका म्हणाले, "एक चक्कर मारून ये ना तिच्याकडं."

"देवीनं कौल देल्ला ना? मंग घाई काऊन करता? उद्या आंबील घेऊनच जातो," काकू म्हणाली.

ती घाबरलेली असती तर धावत गेली असती. पण तिची भीतीच गेली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती डबा भरून निघाली, मी सोबत. भीमनगरच्या वळणावरच विहाराच्या भोंग्यातून त्रिसरण ऐकू आलं. बनाबाई पहाटेच गेली होती.

धम्मशीला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काल दिवसभर इचारत होती, शालूचा निवद झाला का. म्या म्हटलं, बलावून आणू? तर म्हणे, नको, तिचं सोवळं मोडू नको. निवद झाला का येतेच ते. मंग दाराकडं तोंड करून पडली."

काकू तिथेच मातीत बसली. आंबिलीचा डबा कोणी तिच्या हातातून काढून घेतला, तेही तिला कळलं नाही.

यंदा महालक्ष्म्या पुन्हा आल्या. काकूनं त्या उभ्या केल्या, भक्तीनं केल्या. मला मात्र राहवलं नाही. फणकाऱ्यानं विचारलं, "काकू, कौल खोटाच ठरला ना शेवटी?"

"देवीले बोल लावू नको व," ती म्हणाली. "तिनं मले धीर देल्ला. तो घेऊन मले बनापाशी जाऊन बसायचं होतं. म्या तो घरीच ठेवला." मग ज्येष्ठेचा पदर सारखा करत म्हणाली, "तिकडं ते दाराकडं पाहत पडली होती, अन् मले त्या राती इतकी गोड झोप लागली होती, काय सांगू तुले."