अल्थिया नांगर बघते

कॅरिबियन समुद्रातल्या कॅरियाकू बेटाच्या त्या लहानशा खाडीत परदेशी शिडाची होडी शिरली, की अल्थिया पाण्यातला चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे वल्हवत निघायची. वय छप्पन्न. बापाबरोबर शंख काढत वाढलेली, त्यामुळे समुद्राचा तळ तिला अंगणासारखा पाठ होता. बुडी मारून ती पाहुण्याचा नांगर बघायची आणि वर येऊन जे दिसलं ते तोंडावर सांगायची.

"खाडी छानच आहे. वारा डोंगराआड, किनाऱ्यावर गरम पाव, नळाला गोडं पाणी. पण तुमचा नांगर तळातल्या गवतावर नुसता लोळतोय, खाली खडक आहे. त्या पिवळ्या घरासमोर वाळू आहे, तिथे टाका. आणि हिवाळ्यात उत्तरेकडून लाटा आल्या तर इथे थांबू नका."

किनाऱ्यावर खानावळ चालवणारा तिचा दीर कॅन्यूट कपाळ बडवून घ्यायचा. "वहिनी, मी मासे भाजतोय आणि तू गिऱ्हाइकांना पळायची वाट दाखवतेस!"

"तुझे मासे खाऊन खडकावर आपटण्यापेक्षा उपाशी गेलेले बरे."

जानेवारीतल्या एका सकाळी वाऱ्याचं नाव नव्हतं. तरीही टोकाच्या खडकावर पाणी सावकाश वर चढत होतं आणि ओढ घेत खाली जात होतं. उत्तरेच्या लाटा येताहेत, हे अल्थियाने ओळखलं. होडीहोडीपाशी जाऊन तिने सगळ्यांना उठवलं. दुपारपर्यंत अकरा होड्या दक्षिणेच्या खाडीकडे गेल्या.

राहिली एकच, ट्यूनिस नावाच्या म्हाताऱ्या डच माणसाची. तो एकटाच असायचा, आणि या खाडीला नावं ठेवलेली त्याला खपत नसत. आदल्याच दिवशी त्यावरून दोघांची जुंपली होती. तिने हाका मारल्या; उत्तर नाही. रुसला असेल, म्हणत ती मागे फिरली. पण मन खाऊ लागलं, तशी पुन्हा वळली आणि सरळ त्याच्या होडीवर चढली.

आत ट्यूनिस फळ्यांवर पडला होता. पाठ धरली होती.

"मला वाटलं, रागावलात," ती म्हणाली.

"रागावलोच आहे. पण उठता येत नाही."

तिने बाहेर येऊन कॅन्यूटच्या नावाने बोंब ठोकली. चुलीवरचं तसंच टाकून तो आला. एव्हाना मागे पन्नास हातांवर लाटा फुटू लागल्या होत्या. नांगराची साखळी ओढली तर खडकाखाली अडकलेली! अल्थियाने उडी टाकली. पहिल्या बुडीत जमलं नाही. दुसऱ्या बुडीत साखळी सुटली, तिच्या हाताची साल घेऊन. कॅन्यूटने इंजिन सुरू केलं, तिला दंडाला धरून वर ओढलं आणि होडी बाहेर काढली.

टोक ओलांडून दक्षिणेच्या खाडीत शिरल्यावर पाणी एकदम निवांत झालं. वाटभर बडबडणाऱ्या कॅन्यूटने वाळू बघून नांगर टाकला. अल्थियाने सोललेल्या हाताला फडकं गुंडाळलं.

"पोहोचलो का?" आतून आवाज आला.

"पोहोचलो. पडून राहा."

दवाखान्यातली नर्सबाई आली, ट्यूनिसला सुई टोचून गेली. आठवडाभर पडून राहायचं, बाकी काही मोडलेलं नाही, म्हणाली. मग शेजारच्या होड्यांतून लोक वाडगी-पातेली घेऊन आले. कॅन्यूटने प्रत्येकातला घास चाखला आणि गंभीरपणे मान हलवली.

"वहिनी, या लोकांना मीठ माहीत नाही."

अल्थियाला इतकं हसू लोटलं, की तिने वाडगं खालीच ठेवलं.